संगमरवर ओतता येत नाही

लंडनच्या गिल्डहॉल आर्ट गॅलरीत इंग्लिश नट हेन्री आयर्विंग हॅम्लेट होऊन बसलेला आहे. शिल्पकार एडवर्ड ऑन्स्लो फोर्डने केलेला संगमरवरी पुतळा, १८८३ सालचा. व्हिक्टोरियन काळातल्या अशा पुतळ्यांचे आणि अर्धपुतळ्यांचे फोटो दिसले, की सोबत हमखास एक मजकूर फिरतो: ‘इतके बारकावे छिन्नीने शक्यच नाहीत. माणसाच्या तोंडावरून साचा काढायचे, त्यात दगड ओतायचे. उरलेलं यंत्र करायचं.’ हे वाचून मला मनापासून राग येतो.

आधी ओतण्याचं बघू. संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. साध्या भट्टीत तो वितळत नाही. ८०० ते ९०० अंशांच्या आसपास त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि हाती उरतो चुना. ओततात ते कांस्य आणि प्लास्टर.

चेहऱ्याचे साचे घेत, हे खरं. कवी कीट्सचा चित्रकार हेडनने १८१६ मध्ये घेतलेला मुखवटा प्रसिद्धच आहे. पण त्यात कीट्सचे डोळे मिटलेले आहेत, कारण ओल्या प्लास्टरखाली ते उघडे ठेवणार कसे? मापं घ्यायला मुखवटा उपयोगी. नजर मात्र त्यातून मिळत नाही. ती कोरावी लागते. त्याची एक जुनी रीत आहे: डोळ्यातल्या बाहुलीच्या जागी खोल खळगा घ्यायचा आणि वरच्या कडेला दगडाचा बारीकसा कण राखायचा. खळग्यात सावली साठते, कणावर उजेड पडतो, आणि चार पावलांवरून डोळा ओलसर, जिवंत वाटतो. तो कण उडाला तर पुन्हा चिकटवायची सोय नाही.

राहिलं यंत्र. पॉइंटिंग मशीन म्हणजे मागेपुढे सरकणारी सुई बसवलेली चौकट. शिल्पकार आधी मातीत चेहरा घडवी, त्यावरून प्लास्टरची प्रत निघे. त्या प्रतीवर सुई टेकवून खोली मोजायची, चौकट दगडावर नेऊन तेवढंच भोक पाडायचं. असे शेकडो बिंदू. मधला दगड काढत ते मदतनीस कारागीर, छिन्नीनेच. शेवटचा हात बहुधा शिल्पकाराचा. त्या कारागिरांची नावं पुतळ्यावर नसतात, ही तक्रार कुणी केली तर मी त्यांच्या बाजूने उभा राहीन. पण यंत्र फक्त अंतर सांगतं; गालाचं हाड किती उठवायचं, हे मातीतच ठरलेलं असतं.

आणि नुसती नक्कलच असती, तर एकाच माणसाचे सगळे पुतळे सारखे निघाले असते. लंडनमध्येच चॅरिंग क्रॉस रोडवर, नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीच्या मागे, थॉमस ब्रॉकने केलेला आयर्विंग उभा आहे: कांस्याचा, १९१० चा, अंगावर विद्यापीठाचा झगा. नाटकासाठी ‘सर’ झालेला पहिला नट तिथे मानाने उभा आहे. फोर्डने घडवलाय तो १८७४-७५ मध्ये लायसियम थिएटरात २०० प्रयोग गाजवणारा हॅम्लेट. दोघांनी एकाच माणसातून वेगवेगळं काय निवडलं, ते दोन्ही फोटो शेजारी ठेवले की लगेच कळतं.