देवाच्या कामात हिशेब कसला?

आज संध्याकाळी सोसायटीची गणपतीची मीटिंग होती. मी एवढंच विचारलं की गेल्या वर्षीच्या वर्गणीचा हिशेब कुठाय? मांडववाल्याला किती दिले, शिल्लक किती राहिली? तर एक काका म्हणाले, "ताई, देवाच्या कामात हिशेब कसला? तुम्ही पडलात सेक्युलर!" आणि सगळे हसले. दरवर्षी माझ्या हातचे मोदक खाणारेसुद्धा हसले. दोन तास झाले, अजून डोकं शांत नाही.

माझे आबा, म्हणजे आजोबा, कोकणातल्या आमच्या गावच्या देवळाची कीर्द, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही, लिहायचे. शिमग्यात पालखी खांद्यावर घेऊन नाचणारा माणूस. पण रात्री कंदिलाशी बसून तेल, कौलं, सुताराची मजुरी, लिलावातल्या नारळांचे पैसे, पै न् पै मांडायचा. मी लहानपणी विचारलं होतं, देवाला हिशेब कशाला लागतो? म्हणाले, "देवाला नाय गो, गावाला लागतो. पूजा गुरव बघील. कौलं लौकिकातली."

लौकिक! लोकांचं ते लौकिक. व्याकरणकार पतंजलीने दोन हजार वर्षांपूर्वी शब्दांची वाटणी केली तीसुद्धा लौकिक आणि वैदिक अशीच. आपण मराठीत त्याला नावलौकिकापुरता करून टाकला. ऐहिक घ्या. इह म्हणजे इथे, म्हणून इथलं ते ऐहिक. किती साधा शब्द आहे.

आणि ज्याची आता शिवी केलीय तो सेक्युलर? लॅटिनमध्ये 'सेक्युलम' म्हणजे युग, माणसांची एक पिढी. ख्रिस्ती लोकांनी पुढे त्याला 'या जगातलं' असा अर्थ दिला. मठात न राहता लोकांमध्ये राहून काम करणाऱ्या पाद्र्यांना इंग्रजीत आजही सेक्युलरच म्हणतात. अहो, पाद्री! देवाशी भांडण कुठंय यात? 'सेक्युलॅरिझम' हा विचार फार उशिरा, १८५१ मध्ये, होलिओक नावाच्या इंग्रजाने मांडला. तो ईश्वरनिंदेपायी सहा महिने तुरुंगात बसून आला होता. बरं, त्याचं भांडण होतं, मान्य.

"तो शब्द आणीबाणीत घुसवला" हे ऐकून तर कान किटले. राज्यघटनेच्या उद्देशिकेत १९७६ च्या ४२व्या दुरुस्तीने आला, खरंय. पण अनुच्छेद २५ उघडून बघा की! तिथे तो पहिल्यापासून आहे. धर्माचरणाला जोडलेल्या आर्थिक, वित्तीय, राजकीय किंवा अन्य 'सेक्युलर' व्यवहारांवर सरकार कायदा करू शकतं, असं लिहिलंय. आणि हिंदी पाठात तिथे शब्द कुठला आहे? लौकिक. आबांचा शब्द. पहिल्यांदा वाचलं तेव्हा अंगावर काटा आला होता. देवळाची कौलं थेट राज्यघटनेत! आपल्या महाराष्ट्रात १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याने देवस्थानांचे हिशेब बघतो तो धर्मादाय आयुक्त. तोही निधर्मी का?

या 'निधर्मी'ने फार नासाडी केलीय. धर्मनिरपेक्ष म्हणायला जीभ वळत नाही म्हणून निधर्मी म्हणायचं, आणि मग तसंच समजायचं. आबांना कुणी निधर्मी म्हटलं असतं तर ते आठवडाभर जेवले नसते. हो, स्वतःला सेक्युलर म्हणवणारे आपल्यातलेही काहीजण भाविकांची टिंगल करतात, तेही चुकतंच. पण म्हणून वर्गणीचा हिशेब विचारायचा नाही?

आता लिहिता लिहिता जरा निवळलेय. ते काका वाईट नाहीत. दरवर्षी मूर्ती तेच आणतात, अनवाणी, भर पावसात. उद्या त्यांच्याकडे चहाला जाणार आहे. सोबत आबांची कीर्द नेईन, ती माझ्याकडेच आहे. पहिल्या पानावर वर मोठ्ठा 'श्री', आणि लगेच खालच्या ओळीत: गोडं तेल, दोन शेर.