झारीतला शुक्राचार्य

मे महिना, 42 डिग्री ऊन, मागच्या सीटवर आहेराचं गाठोडं आणि मेव्हणा. अंबडला 12 वाजून 35 मिनिटांचा मुहूर्त. गेवराई सोडून जीप ऐंशीवर नेली आणि मीटरमध्ये लाल झारी पेटली. तिच्या तोंडाशी एक थेंबही असतो. लोक त्याला ऑइलचा दिवा म्हणतात. मला तो अखेरचा गंगाजलाचा थेंब वाटला.

गाडी हळू केली की दिवा विझायचा, पळवली की पेटायचा. "गाडीलाबी तुमचं पळवणं पसंत नाही," ही म्हणाली. मेव्हणा म्हणाला, "दाजी, ताईची टिकली लावा त्याच्यावर. दिसलंच नाही तर टेन्शन काय?"

लावली. (शिकलेला माणूस आहे मी. पण उशीर झाला होता.) टिकलीच्या कडेनं दिवा ग्रहणातल्या सूर्यासारखा दिसत राहिला.

शहागडच्या अलीकडं इंजिन टकटक करू लागलं, तेव्हा कुठं घाबरून बंद केलं. आहेराच्या टॉवेलनं पट्टी पुसून पाहिली, ऑइल वरच्या खुणेपर्यंत. मग ट्रॅक्टरला दोर बांधून, वरातीच्या चालीनं, मिस्त्रीच्या शेडात.

"ऑइल पंप गेलाय," मी निदान सांगून टाकलं.

"शेती हाय का?" मिस्त्रीनं विचारलं. "मंग कळंल. पंप प्रेशर देत नसतो, पाणी देतो. पाइपाच्या तोंडाला अंगठा लावला की प्रेशर येतं."

इंजिनात अंगठ्याचं काम बेअरिंगमधली केसाएवढी फट करते. ती झिजून रुंद झाली की ठिबकची नळी जागोजागी फुटल्यासारखं. मोटर नवी टाका, शेवटचं झाड कोरडंच.

त्यानं ऑइलचा स्विच काढून तिथं गेज लावलं. "हजार आरपीएमला धा पौंड धरायचे." इंजिन सावकाश चालताना काटा 15 वर. माझी छाती फुगली. रेस दिली तर काटा चढायचं सोडून घसरत 5 वर आला.

"बेअरिंग गेलं असतं तर उलटं झालं असतं. गरम इंजिन सावकाश चालताना दिवा लागला असता अन् रेसला विझला असता. ही तर फुटवॉल तुंबलीय, विहिरीत पाइपाच्या तळाला जाळी असती तशी."

12:35 ला तिकडं अक्षता पडल्या, इकडं इंजिनाच्या तळाचं ऑइलचं चेंबर खाली उतरलं. पंप ज्या जाळीतून ऑइल ओढतो, तिच्यात लाल रबरी शेवया अडकल्या होत्या. शुक्राचार्य सापडले.

"कोण्या येड्यानं चेंबरला एवढी पेस्ट थापली? बाहेर दिसती तेवढीच आतबी पिळून निघती अन् तुटून जाळीत बसती."

दिवाळीत चेंबर गळत होतं. तेव्हा गावच्या मिस्त्रीच्या डोक्यावर उभं राहून "कंजुषी करू नको, लाव भरपूर" म्हणणारा मीच.

"होता कोणीतरी," मी म्हणालो.

जाळी धुऊन झाली. मिस्त्रीनं पेस्टची नळी हातात घेऊन चेंबरच्या कडेला सुतळीएवढी बारीक रेघ ओढली. एवढ्यानं काय होणार, म्हणून मी तोंड उघडलं. हिनं नुसतं बघितलं. मी मिटलं.