पुणेकर दादांना उत्तर: टाकीचं चुकलं, पॉइंटचं नाही

दादा, कमेंट दोनदा वाचली. पावसाळ्यात बुलेटची टाकी काठोकाठ भरून ठेवा हा माझ्या लेखातला सल्ला आजोबांच्या काळातला, आणि पॉइंट (मिटून-उघडून स्पार्कसाठी करंट जोडणारी-तोडणारी धातूची दोन तोंडं) काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन, म्हणजे तेच काम करणारा सीलबंद डबा, बसवायचं सोडून लोकांना पॉलिश पेपर घासायला शिकवणं म्हणजे नुसता हट्ट, असं तुमचं म्हणणं. पहिल्यावर कान पकडतो, दुसऱ्यावर भांडणार.

टाकीचं खरंच चुकलं. भरलेल्या टाकीत हवा कमी, म्हणून ओल कमी, म्हणून गंज कमी, हा हिशोब साध्या पेट्रोलला बरोबर होता. आता पंपावर २० टक्के इथेनॉलवालं मिळतं आणि इथेनॉल पाणी ओढतं. आमच्या रत्नागिरीत जून ते सप्टेंबर पडवीतला टॉवेल सुकत नाही, तिथे झाकणाच्या भोकातून चार महिने दमट हवा आत जातेय, पाणी जास्त झालं की ते इथेनॉलला घेऊन तळाला बसतं आणि पेट्रोलच्या कॉकचं, म्हणजे नळाचं, तोंडही तिथेच. मागच्या गणपतीत कार्बोरेटरची वाटी खोलली तर तळाला चहाच्या रंगाचं पाणी आणि जेटवर (पेट्रोल जायच्या बारीक भोकावर) पांढरी भुकटी. एवढं बघूनसुद्धा मी लेखात जुनंच टाइप केलं, बोला आता! यंदा टाकी रिकामी केली, आत थोडं इंजिन ऑइल फिरवलं, वाटीही कोरडी करून ठेवली.

आता पॉइंट. रत्नागिरीजवळ आरे-वारेच्या चढावर एकदा गाडी गप्प झाली, संध्याकाळची वेळ, समोरून खारा वारा. चावी ऑन करून किक हळूहळू दाबली आणि अँपिअर मीटरचा काटा बघितला. पॉइंट मिटले की काटा मायनसकडे झुकायला हवा, उघडले की परत. माझा ढिम्म हलेना. म्हणजे एकतर करंटच येत नाही किंवा पॉइंट मिटूनही टेकत नाहीत, पण हॉर्न जोरात वाजत होता म्हणून आधी पॉइंटचं झाकण काढलं. दोन्ही तोंडांवर हिरवट-पांढरा थर. पॉलिश पेपर दोनदा फिरवला, मग खिशातलं लग्नाच्या हॉलवाल्याचं व्हिजिटिंग कार्ड मधे धरून ओढलं, कार्डावर काळी रेघ उमटली, दुसऱ्यांदा ओढलं तेव्हा साफ. तिसऱ्या किकला चालू. कार्बोरेटरला हातसुद्धा लावला नाही.

माझ्या मित्राने इलेक्ट्रॉनिक बसवलं, दोन वर्षं मस्त चाललं, मग भर पावसात जयगडच्या जेटीवर डबा मेला. तिथे डबा कशाने घासणार? टेम्पोत घालून आणली. पुण्यात गॅरेज हाकेच्या अंतरावर, तुम्ही खुशाल बसवा, स्टार्टिंग छान होतं, उगाच कशाला नाकारू.

घासून घासून पॉइंटमधला गॅप बिघडतो हे मात्र तुमचं बरोबर. घरी आल्यावर फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) ०.३५ ते ०.४० मिमी लावून घ्यायचा, नाहीतर टायमिंगही, म्हणजे स्पार्क पडायची वेळही, सरकते. आणि पॉइंट पुन्हा पुन्हा जळून खड्डे पडत असतील तर घासत बसू नका, कंडेन्सर (पॉइंट उघडताना तिथे ठिणगी उडू न देणारा छोटा भाग) बदला. हे मी लिहायलाच विसरलो होतो.

टाकीचा परिच्छेद आज रात्री बदलतो. खाली तुमचं नाव टाकू की नुसतं ‘पुणेकर’, ते कळवा.