शांतता हवीय ना? या, आमची घेऊन जा

परवा रात्री अडीच वाजता एक कोंबडा आरवला आणि सकाळी सव्वासातला आमचे नवीन शेजारी गेटवर हजर, असा जाब विचारायला की जणू मीच आरवलो होतो. कोंबडा माझा नाही म्हटलं तर म्हणाले, मग कंप्लेंट कुणाकडे करायची? तेव्हाच ठरवलं की शहर सोडून छोट्या गावात सेटल व्हायची स्वप्नं बघणाऱ्यांसाठी चार हिताच्या गोष्टी लिहून टाकू.

तर सगळ्यात आधी, घर बघायला भर दुपारीच या. गाव तेव्हा जरा आडवं झालेलं असतं, सगळं कसं शांत शांत वाटतं. रात्री, पहाटे किंवा लाइट गेलेली असताना चुकूनही बघू नका, उगाच विचार करून निर्णय घेतल्यासारखं होईल.

ग्रुपवर अ‍ॅड झाल्या झाल्या पहिल्याच दिवशी "काही सजेशन्स" टाका.

फ्लश केलं की विषय संपला. ड्रेनेज लाइन नाही, सेप्टिक टँक आहे, ती साधारण तीन ते पाच वर्षांनी उपसावी लागते वगैरे कुणी सांगायला आलं तर लक्ष देऊ नका. टँक स्वतःच सांगेल एक दिवस, घरात पाहुणे असताना.

प्रत्येक वाक्य "आमच्याकडे तिकडे" पासून सुरू करा. तिकडे एवढं भारी होतं तर इकडे कशाला आलात असं आम्ही विचारणार नाही, फक्त एकमेकांकडे बघू.

आणि आता मेन गोष्ट. फ्लडलाइट. तो हवाच. तुम्ही आलात कशासाठी, तर "इथे तारे दिसतात ना!" म्हणून, टेलिस्कोप पण घेतलात, गच्चीवर मांडून फोटो टाकलात, मग साहजिकच कंपाउंडच्या चारी कोपऱ्यांवर पांढरेफटक एलईडी लावले पाहिजेत, तोंड वर करून, संध्याकाळी सात ते सकाळी सात. जगातल्या एक तृतीयांशाहून जास्त माणसांना राहत्या जागेवरून आकाशगंगा दिसत नाही असं २०१६ च्या एका जागतिक नकाशात आलं होतं, आम्ही त्यात नव्हतो, तुमच्या कृपेने आता तिकडेच निघालोय. एलईडी जितका पांढरा तितका त्यात निळा प्रकाश जास्त आणि तोच आकाशात जास्त पसरतो, पण ते जाऊ दे, आमच्या बेडरूममध्ये रात्री पेपर वाचता येतो हा केवढा फायदा! (पडदे लावून बघितले. जाड पडदे लावून पण बघितले.)

आता राहिला कोंबडा. २०१३ मध्ये जपानच्या नागोया विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं की तो उजाडायची वाट बघत नाही, त्याच्या आतच घड्याळ असतं, पण बाहेरून उजेड दिसला किंवा दुसऱ्याची बांग ऐकू आली तरी तो सुरू होतो. आणि खुराडं कुठे आहे? तुमच्या डाव्या कोपऱ्यातल्या दिव्याच्या बरोब्बर समोर! म्हणजे मध्यरात्री सूर्य तुम्ही उगवायचा आणि नोटीस कोंबड्याला.

कोर्टात जायचं म्हणालात, जरूर जा. फ्रान्समध्ये ओलेरों बेटावर मोरीस नावाच्या कोंबड्यावर शेजारच्या सुट्टीतल्या बंगलेवाल्यांनी केस टाकली होती, २०१९ मध्ये कोंबडा जिंकला, आणि जानेवारी २०२१ मध्ये तिथल्या संसदेने गावाकडचे आवाज आणि वास हा जपायचा वारसा आहे असा कायदाच केला. तो कायदा तिथला आहे माहितीये मला, इथे कोंबड्याचं काय होईल ते होवो.

पण खरं सांगू का, मस्करी पुरे झाली. तीन वेळा येऊन नीट सांगितलं, तीनदा "सेफ्टी" म्हणून हसून दार लावलंत. कसली सेफ्टी? चोराला पण त्यात नीट दिसतं. दोन महिन्यांत तुम्ही शेजारच्या आजींचं नाव विचारलं नाहीत, पण त्यांच्या कोंबड्याविरुद्ध सह्या गोळा करताय. लाज वाटत नाही? तुम्ही यायच्या आधी इथे माणसं झोपत होती हो! दिवे बंद करा. अगदीच हवे असतील तर तोंड खाली वळवा, पिवळे लावा, सेन्सर बसवा, अर्ध्या तासाचं काम आहे. शिडी माझ्याकडे आहे, धरायला पण मीच येतो. आज रात्रीच्या आत.