दोष सापडू नये यासाठी घ्यावयाची दक्षता

घरातील प्लेस्टेशन, म्हणजे गेमचे यंत्र, इंटरनेटला जोडले जाईनासे झाले, किंवा जोडले जाऊनही ऐन सामन्यात आपला गोलरक्षक जागच्या जागी थिजून गोल खाऊ लागला, की दोष नेमका कोठे आहे हे पाहण्याचा मोह होतो. सुज्ञ माणसाने हा मोह कटाक्षाने टाळावा. दोष एकतर घराच्या आत असतो, नाहीतर घर आणि इंटरनेट पुरवठादार यांच्यामध्ये असतो, नाहीतर पार पलीकडे खेळाच्या कंपनीच्या सर्व्हरवर असतो. यांपैकी जागा एकदा निश्चित झाली, की शेवटच्या ठिकाणी मुकाट्याने वाट पाहावी लागते, मधल्या ठिकाणी तक्रार नोंदवावी लागते आणि पहिल्या ठिकाणी स्वतः कोचावरून उठावे लागते. हे तिन्ही प्रसंग ओढवू नयेत म्हणून पुढील मार्गदर्शन आहे.

सर्वांत मोठा धोका खुद्द यंत्रातच दडलेला आहे. पीएस५च्या, म्हणजे प्लेस्टेशन ५च्या, सेटिंग्जमध्ये नेटवर्क या विभागात जोडणी तपासण्याची सोय असून, ती एकामागून एक पायऱ्या तपासते: राउटरकडून आयपी पत्ता (जाळ्यात यंत्राला ओळखण्याचा आकडा) मिळाला का, इंटरनेट लागले का, प्लेस्टेशन नेटवर्कवर, म्हणजे सोनी कंपनीच्या ऑनलाइन सेवेत, प्रवेश झाला का. पहिल्या पायरीवर अडले तर संशय घरातल्या वाय-फायवर जातो, दुसऱ्या पायरीवर अडले तर बहुधा पुरवठादारावर, आणि पहिल्या दोन पार पडून केवळ तिसरी फसली तर कंपनीवर. इतके सगळे एका मिनिटात उघड करणारी सोय कोणत्या दुष्ट बुद्धीने ठेवली असेल कोण जाणे. दृष्टीस पडताच गोल चिन्हाचे बटण दाबून मागे यावे.

सर्व्हर चालू आहेत की बंद, हे सांगणारे कंपनीचे अधिकृत पानही याच कारणास्तव उघडू नये. ८ फेब्रुवारी २०२५ रोजी, शनिवारी, भारतात पहाट होत असताना प्लेस्टेशन नेटवर्क जगभर कोसळले आणि सुमारे २४ तास बंद राहिले. पुढे सोनीने कामकाजातील अडचण एवढेच कारण दिले आणि प्लेस्टेशन प्लस या सशुल्क सेवेच्या सदस्यांना पाच दिवस वाढवून दिले. त्या शनिवारी ज्यांनी ते पान पाहिले त्यांचा दिवस वाया गेला, कारण त्यांना बाहेर पडून अन्य काही करावे लागले. ज्यांनी पाहिले नाही त्यांना मात्र संध्याकाळपर्यंत राउटर बंद-चालू करण्याचे भरीव काम होते. २०११च्या एप्रिलमध्ये तर घुसखोरीमुळे हे नेटवर्क साडेतीन आठवड्यांच्या आसपास बंद होते आणि ७ कोटी ७० लाख खात्यांची माहिती धोक्यात आली होती. तेवढ्या काळात चिकाटीच्या माणसाला घरातील प्रत्येक वायर तीनतीनदा बदलता आली असती.

राउटर बंद करून पुन्हा चालू करणे हा उपाय अनेकदा खरोखरच लागू पडतो, म्हणून तो जपून वापरावा. त्यापेक्षा राउटरच्या पाठीमागचे ते बारीक छिद्र शोधावे आणि त्यात टाचणी खुपसून दहा-पंधरा सेकंद दाबून धरावी. याने राउटर नुसता पुन्हा सुरू होत नाही, तर कारखान्यातून निघाला त्या अवस्थेत जातो. वाय-फायचे नाव, पासवर्ड आणि पुष्कळ घरांत पुरवठादाराने भरलेले लॉग-इनही पुसले जाते. अशा रीतीने केवळ गेममध्ये असलेली अडचण आजीच्या मालिकेपर्यंत आणि ताईच्या ऑफिसच्या मीटिंगपर्यंत समान वाटली जाते, आणि तंत्रज्ञ येईपर्यंत घरात गेमविषयी कोणी चकार शब्द काढत नाही. फायबरच्या डब्यावर लाल दिवा लुकलुकत असेल, तर त्याचा अर्थ बाहेरून प्रकाशच पोहोचत नाही, म्हणजे रस्त्यात तार तुटली आहे किंवा सोफ्यामागे ती काटकोनात दुमडली आहे, असा असतो. या दिव्यावर चिकटपट्टीचा तुकडा लावल्यास मनःशांती लाभते.

राउटरच्या जागेबाबत आपल्या घरांत मुळातच अनुकूल परंपरा आहे. तार दारातून येते, म्हणून राउटर दाराशी, चपलांच्या कपाटावर किंवा त्याहून उत्तम म्हणजे पोटमाळ्यावर रिकाम्या सुटकेसांच्या मागे ठेवला जातो, कारण त्याच्या अँटेनाच्या काड्या दिवाणखान्यात शोभत नाहीत. गेमचे यंत्र मात्र आतल्या खोलीत असते. दोहोंच्या मध्ये दोन भिंती, एक लोखंडी कपाट आणि पूर्ण उंचीचा आरसा येईल अशी योजना असल्यास उत्तम, कारण धातू आणि आरशामागचा मुलामा लहरी परतवून लावतात. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी भिंतीतून त्यातल्या त्यात बऱ्या जातात, पण त्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल जेमतेम तीन, आणि सोसायटीतल्या प्रत्येक मजल्यावरचे राउटर तेथेच दाटीवाटीने बसलेले. शिवाय स्वयंपाकघरातील मायक्रोवेव्हही नेमका त्याच पट्ट्यात काम करतो. ५ गिगाहर्ट्झवर गर्दी कमी, पण त्या लहरी भिंतीपुढे लवकर हात टेकतात. तेव्हा दूरच्या खोलीत ५ आणि राउटरजवळ २.४ वापरणे, हे ज्याला साधले त्याला पुढचे काही शिकवायला नको. (२०१३च्या मूळ पीएस४ला ५ गिगाहर्ट्झ दिसतच नाही, त्याच्या मालकाने ते का दिसत नाही म्हणून राउटर बदलावा.)

वेग मोजायचाच झाला, तर फोन राउटरला टेकवून मोजावा. त्या चाचणीचा सर्व्हर पुष्कळदा पुरवठादाराच्याच जाळ्यात किंवा त्याच शहरात असतो, त्यामुळे आकडा नेहमी देखणा येतो. तो दाखवून घरात सांगावे की नेट झकास आहे, यंत्रच बिघडले आहे. त्यानंतर योजना १०० एमबीपीएसवरून (सेकंदाला १०० मेगाबिट) ३०० वर न्यावी. याने १०० गिगाबाइटचा गेम सव्वादोन तासांऐवजी पाऊण तासात उतरेल, हे खरे आहे. पण चालू सामन्याला सहसा एक एमबीपीएसही लागत नाही, त्याला लागतो तो निरोप जाऊन परत येण्याचा अल्प वेळ. रात्री अकराला घरातले चार फोन दिवसभराचे फोटो क्लाउडवर चढवू लागले, की सामन्याचे इवलेसे निरोप राउटरमध्ये त्या फोटोंच्या मागे, लग्नाच्या पंगतीत वाढप्याची वाट पाहणाऱ्या पोरांसारखे, खोळंबून राहतात. फोटोंचे चढवणे पहाटेवर ढकलले तर हा घोळ मिटण्याचा संभव आहे. म्हणून त्याविषयी कोणाला विचारू नये.

डीएनएस बदलणे हा मात्र निर्धोक उपाय आहे आणि त्याची मनापासून शिफारस करतो. ८.८.८.८ हा गूगलचा पत्ता २००९पासून उपलब्ध आहे, तर १.१.१.१ हा क्लाउडफ्लेअरचा पत्ता २०१८ साली, तोही १ एप्रिलला, जाहीर झाला. डीएनएसचे काम सर्व्हरच्या नावावरून त्याचा पत्ता शोधून देण्याचे. एकदा सामना सुरू झाला की त्याला फारसे काम उरत नाही. म्हणजे पुरवठादाराचा डीएनएसच झोपलेला असेल तेवढा प्रसंग सोडता, आकडे बदलल्याचे समाधान पूर्ण मिळते आणि लॅगमध्ये, म्हणजे खेळाच्या रेंगाळण्यात, फरक काही पडत नाही. सिंगापूरच्या सर्व्हरवर खेळत असाल तर मुंबईपासून ते अंतर सरळ रेषेत सुमारे ३,९०० किलोमीटर आहे, काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर धावतो, आणि जाऊन-येऊन किमान ३९ मिलिसेकंद लागणारच. हे गणित पुरवठादाराच्या ग्राहक सेवेतील मुलीला रागाने सांगावे.

मित्रांच्या पार्टीत, म्हणजे खेळताना गप्पा मारण्याच्या गटात, आवाज येत नसेल, तर पडद्यावर ‘नॅट टाइप ३’ असे दिसण्याची शक्यता असते. नॅट म्हणजे अनेक यंत्रांना एकाच पत्त्यामागे बसवण्याची सोय, आणि टाइप ३ हा तिचा सर्वांत कडक प्रकार. राउटरमधील यूपीएनपी (यंत्राला हवी ती वाट आपोआप उघडून देणारी सोय) चालू केले की त्याचे २ होणे बरेचदा साधते. साधले नाही, तर खरा दोष वरच्या पातळीवर असू शकतो. आयपी पत्त्यांची जुनी पद्धत जगाला एकूण ४२९ कोटी पत्ते देते, आणि आशिया-प्रशांत विभागाचा मोकळा साठा २०११च्या एप्रिलमध्येच तळाला गेला. तेव्हापासून अनेक पुरवठादार शेकडो घरांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवतात. राउटरच्या पानावर बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ या आकड्यांनी सुरू होत असेल, तर आपणही त्या चाळीत आहोत असे समजावे. त्यावर पुरवठादाराकडे स्वतंत्र सार्वजनिक पत्ता मागता येतो आणि थोडे शुल्क भरून पुष्कळदा मिळतोही. परंतु आपण तसे न करता सहा काड्यांचा, लाल दिव्यांचा, ‘गेमिंग’ असे लिहिलेला राउटर आणावा. तो जुन्या राउटरलाच जोडल्यास नॅटवर नॅट चढते आणि गुंता आणखी भक्कम होतो.

लॅन केबलविषयी, म्हणजे राउटर आणि यंत्र थेट जोडणाऱ्या तारेविषयी, थोडक्यात सांगतो, कारण विषय अप्रिय आहे. साधी कॅट ५ई केबल शंभर मीटरपर्यंत १००० एमबीपीएस वाहून नेते, तिला ना भिंतीची बाधा ना मायक्रोवेव्हची, आणि तिची किंमत नव्या गेमच्या किमतीपुढे किरकोळ असते. पण तिच्यासाठी नुकताच रंग दिलेल्या भिंतीला भोक पाडावे लागते, आणि त्याहून वाईट म्हणजे ती लावल्यावर हरण्याला कारण उरत नाही. विवेकी खेळाडूने दहा हजारांचा राउटर घ्यावा, पण हे पाऊल उचलू नये.

एवढी दक्षता घेऊनही कधीकधी जोडणी आपोआप पूर्ववत होते. रस्त्यावरच्या खांबावर चढलेल्या कोणा केबलवाल्या दादाने तार सांधलेली असते, किंवा सर्व्हर जागेवर आलेला असतो. अशा वेळी त्या क्षणी आपण जे काही करत होतो, मग ते डीएनएस बदलणे असो की राउटरच्या काड्या पूर्वेकडे वळवणे, तोच अक्सीर उपाय होता असे ठरवावे आणि सोसायटीच्या ग्रुपवर सविस्तर, फोटोसहित टाकावा. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांचा टीव्ही परवापासून अडखळतो आहे. ते रात्रीच करून पाहतील.