पंच त्याच तालमीचा नको, पण त्याला कुस्ती कळायलाच हवी

गेला महिनाभर कोल्हापुरातल्या डॉक्टरांच्या आणि प्राध्यापकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज फिरतो आहे. मला तो चौघांनी पाठवला. चौथा माझाच जुना विद्यार्थी. त्याने खाली लिहिलं होतं, ‘मॅडम, हे खरं आहे का?’ त्याला दोन ओळींत उत्तर देणं मला जमलं नाही, म्हणून हे लिहिते आहे.

मेसेजमध्ये म्हटलंय ते थोडक्यात असं: वैद्यकीय संशोधनाचा पैसा कोणाला द्यायचा हे ठरवणारे परीक्षक म्हणजे नुसतं साटंलोटं. तेच अर्ज करतात, तेच एकमेकांचे अर्ज तपासतात. त्यांच्या नेमणुकीला नियम नाहीत, सगळं ओळखीवर चालतं. लपवायचं असतं म्हणून नावं गुप्त ठेवतात. दुसऱ्याचा अर्ज वाचून त्यातल्या कल्पना चोरतात. तेव्हा ही पद्धत बंद करा, निवृत्त न्यायाधीश आणि सामान्य माणसं बसवा, नाहीतर सरळ एआयकडून गुण देऊन घ्या.

मी सत्तावीस वर्षं मायक्रोबायॉलॉजी शिकवलं. त्या काळात माझी तीन प्रपोजल, म्हणजे संशोधनासाठी पैसे मागणारे अर्ज, नाकारली गेली, एक मंजूर झालं, आणि पुढे काही वर्षं इतरांची प्रपोजल मीही तपासली. मेसेज लिहिणाऱ्याचा राग मला परका नाही. पण त्याने आजार एक सांगितला आहे आणि औषध भलत्याच आजाराचं दिलं आहे.

नियमच नाहीत, हे विधान साफ चूक आहे. वैद्यकीय संशोधनाला जगात सर्वांत जास्त सरकारी पैसा देणारी संस्था म्हणजे अमेरिकेची एनआयएच (नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थ). तिथे परीक्षक कोणी व्हायचं आणि कोणी उठून जायचं हे सरकारी नियमावलीत लिहिलेलं आहे. परीक्षकांची निवड करतो तो पूर्णवेळ अधिकारी स्वतः शास्त्रज्ञ असतो आणि अनुदान सांभाळणारा विभाग त्याच्यापासून वेगळा ठेवलेला असतो. अर्जदाराला ‘मला हे परीक्षक द्या’ म्हणून नावं सुचवता येत नाहीत. अमुक व्यक्तीशी माझा हितसंबंधाचा प्रश्न आहे, एवढं मात्र कारणासह कळवता येतं. परीक्षकांच्या कायम समितीवरची मुदत साधारण चार किंवा सहा वर्षांची असते. समितीत सरकारी नोकर एक चतुर्थांशाहून जास्त नसावेत. गेल्या तीन वर्षांत ज्याच्याबरोबर संशोधन केलं, जो आपला गुरू किंवा विद्यार्थी होता, जो आपल्याच संस्थेत आहे किंवा जवळचा नातेवाईक आहे, त्याच्या अर्जाची चर्चा सुरू झाली की परीक्षकाने खोलीबाहेर जायचं. समितीच्या सदस्याने स्वतः अर्ज केला, तर तो त्याच्या समितीपुढे येतच नाही, वेगळ्या गटाकडे जातो. आणि या सगळ्यानंतरही दुसऱ्या पातळीवर अर्ज पुन्हा पाहणारं एक सल्लागार मंडळ असतं.

आपल्याकडे २०१७ च्या आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) मार्गदर्शक तत्त्वांत हितसंबंध जाहीर करून बाजूला होण्याचं बंधन एथिक्स कमिटीच्या, म्हणजे संशोधनात रुग्णांचं हित पाहणाऱ्या समितीच्या, सदस्यांवर स्पष्ट शब्दांत घातलेलं आहे. नियम आहेत. ते पाळले जातात का, हा प्रश्न वेगळा आणि तो विचारायलाच हवा.

आता ‘तेच अर्ज करतात, तेच तपासतात’ हा मुद्दा. इथे मला थोडं थांबायचं आहे, कारण मेसेजमधलं हेच वाक्य लोकांना सर्वांत जास्त पटलेलं दिसतं.

आपल्या जिल्ह्यातलं उदाहरण घेऊ. उसाच्या फडात साप चावतो, हे करवीर-कागल-राधानगरीतल्या घरांना सांगायला नको. समजा कोणी या भागातल्या घोणसदंशावर संशोधनासाठी पैसे मागितले. आपल्याकडे मिळणारं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चार सापांच्या विषाविरुद्ध बनवलेलं असतं, आणि त्यासाठी लागणारं विष मुख्यतः तमिळनाडूतल्या इरुला समाजाच्या सहकारी संस्थेकडून येतं. एकाच जातीच्या सापाचं विष प्रदेशागणिक बदलतं. त्यामुळे इथल्या घोणसीच्या विषावर ते प्रतिविष कितपत चालतं, हे या प्रपोजलमध्ये तपासलं आहे का, आणि नसेल तर का नाही, हा पहिला प्रश्न. तो विचारायला सर्पविषावर काम केलेलाच माणूस लागतो. निवृत्त न्यायाधीश कितीही सचोटीचे असोत, त्यांना तो प्रश्न सुचायचा नाही. ज्याला सुचेल, तो बहुतेक त्याच विषयात कधी ना कधी स्वतःही अर्ज करणारा असणार. जाणकारीसोबत ही अडचण येतेच.

खासबागेत कुस्ती लागली की पंच कोण नेमतात? ज्याला धोबीपछाड आणि ढाक यातला फरक कळत नाही, असा माणूस कोणी नेमत नाही. आणि गंगावेश तालमीच्या पठ्ठ्याच्या कुस्तीला गंगावेशचाच वस्ताद पंच म्हणून उभा केला, तर हलगी थांबवून लोक मैदानात उतरतील. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी सांभाळाव्या लागतात. मेसेज लिहिणाऱ्याने दुसरी पकडली आणि पहिली सोडून दिली.

पण त्याचं जे बरोबर आहे तेही सांगायला हवं, कारण ते माझ्या बाजूच्या लोकांना आवडत नाही. ओळखीचा फायदा होतो, आणि तो नियम पाळूनही होतो. स्वीडनमधल्या क्रिस्टीन वेनरोस आणि अग्नेस वोल्ड या दोन संशोधिकांनी १९९७ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात हे आकड्यांनिशी दाखवलं. तिथल्या वैद्यकीय संशोधन परिषदेने १९९५ मध्ये २० जागांसाठी आलेले ११४ अर्ज तपासले होते. अर्जदारांत ५२ स्त्रिया होत्या, निवड झाली फक्त चौघींची. गुणपत्रिका गोपनीय म्हणून परिषद देईना. दोघींनी न्यायालयापर्यंत जाऊन त्या मिळवल्या. मग दिसलं ते असं की पुरुषाइतके गुण मिळवायला स्त्रीचं प्रकाशित काम सुमारे अडीचपट भरावं लागत होतं. आणि ज्या अर्जदाराचा समितीतल्या कोणाशी संबंध होता, त्याला जास्त गुण मिळत होते, तेही तो ओळखीचा सदस्य स्वतः गुण देण्यापासून बाजूला झालेला असताना. खोलीबाहेर एक जण गेला, पण आत बसलेल्यांना तो कोणाचा माणूस आहे हे ठाऊकच होतं. पुढे २००४ च्या स्वीडिश अर्जांचा पुन्हा अभ्यास झाला. त्यात स्त्रियांविरुद्धचा भेदभाव आढळला नाही, ओळखीचा लाभ मात्र तसाच टिकलेला दिसला.

तेव्हा उठून बाहेर जाणं हा नियम आवश्यक आहे आणि अपुरा आहे. समिती लहान असेल आणि तीच ती माणसं वर्षानुवर्षं बसत असतील, तर कागदावर सगळं नीट असूनही निकाल वाकतो. मुदत ठरवणं, दर फेरीत काही नवे लोक आणणं, दूरच्या संस्थांतून परीक्षक घेणं, हे त्यावरचे उपाय आहेत. जाणकारांनाच हाकलणं हा उपाय नाही.

नावं गुप्त ठेवण्याबद्दल मेसेजने दोन गोष्टींची गल्लत केली आहे. एनआयएचच्या समित्यांवर कोण आहेत याची यादी कोणालाही वाचता येते. तुमचा अर्ज त्यातल्या कोणाच्या हाती होता, एवढंच झाकलेलं असतं. माझ्याच शहरातल्या एखाद्या वजनदार विभागप्रमुखांचं प्रपोजल माझ्याकडे आलं आणि ते कच्चं असेल, तर मी ते कच्चं आहे असं लिहावं यासाठी ते झाकण आहे. उद्या त्यांच्याच हाती माझ्या विद्यार्थ्याची मुलाखत असू शकते. यादी उघड ठेवणं आणि मत सुरक्षित ठेवणं, दोन्ही हवं. जिथे यादीसुद्धा दाखवत नाहीत, तिथे मेसेजवाल्याची तक्रार रास्त आहे.

कल्पना चोरतात, हे घडलेलं आहे. एनआयएचचे तेव्हाचे संचालक फ्रान्सिस कॉलिन्स यांनी ऑगस्ट २०१८ मध्ये हजारो संस्थांना पत्र पाठवून, काही परीक्षकांनी अर्जांतली गोपनीय माहिती बाहेर दिल्याचं लेखी नोंदवलं होतं. अशा परीक्षकाला समितीवरून काढतात, त्याच्या संस्थेला कळवतात, प्रकरण चौकशी यंत्रणेकडे जातं आणि सरकारी अनुदान घेण्यावर बंदीही येऊ शकते.

आणि नेमक्या याच कारणाने एआयचा पर्याय उलटा पडतो. परीक्षकाने अर्ज एखाद्या चॅटबॉटमध्ये टाकला, की तो त्याच्या ताब्यातून गेला. पुढे कुठे साठला, कोणी पाहिला, हे सांगता येत नाही. म्हणून एनआयएचने जून २०२३ मध्ये परीक्षकांना असा वापर करायला मनाई केली. चोरीची भीती वाटते म्हणून सगळी कपाटं रस्त्यावर आणून ठेवायची, असा हा सल्ला आहे.

सामान्य माणसं बसवा, ही मागणी मात्र मी दोन्ही हातांनी उचलून धरते. फक्त ‘तज्ज्ञांऐवजी’ हा शब्द काढून ‘तज्ज्ञांबरोबर’ असा घालते. आपल्याकडे २०१९ च्या नवीन औषधे आणि चिकित्सालयीन चाचण्या नियमांनुसार एथिक्स कमिटीत किमान सात सदस्य लागतात. त्यांपैकी निम्मे आणि अध्यक्ष संस्थेबाहेरचे असावे लागतात, शिवाय एक कायद्याचा जाणकार आणि एक सामान्य व्यक्तीही. पण ही कमिटी पैसे वाटत नाही, रुग्णाची सुरक्षितता आणि संमती पाहते. पैशाच्या निर्णयातही हे शक्य आहे. अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या स्तनकर्करोग संशोधन कार्यक्रमात स्वतः आजार भोगलेल्या स्त्रिया शास्त्रज्ञांच्या शेजारी बसून प्रपोजलना गुण देतात, आणि त्यांच्या मताला तेवढंच वजन असतं. सर्पदंशाच्या प्रपोजलवर राधानगरीच्या एखाद्या ऊसतोड मजूर बाईने विचारलेला प्रश्न, ‘रात्री दोन वाजता ही लस आम्हाला कुठं मिळणार?’, मला कुठल्याही समितीत ऐकायला आवडेल.

एक गोष्ट मेसेजमध्ये यायला हवी होती आणि आली नाही. चांगले, प्रामाणिक परीक्षकसुद्धा एकमेकांशी सहमत नसतात. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात ४३ परीक्षकांना कर्करोगावरचे २५ जुने अर्ज पुन्हा तपासायला दिले होते. एकाच अर्जाला दोघांनी दिलेले गुण एकमेकांशी जेवढे जुळत, तेवढेच वेगवेगळ्या अर्जांना दिलेले गुणही जुळत होते. न्यूझीलंडच्या आरोग्य संशोधन परिषदेने तर २०१३ पासून एका योजनेत पात्र ठरलेल्या अर्जांतून चिठ्ठी टाकून निवड सुरू केली. साटंलोटं नसलं तरी नशीब असतं, आणि म्हणून नाकारलेल्या माणसाला निदान कारण तरी मिळायला हवं.

माझ्या तीन नाकारलेल्या प्रपोजलपैकी दोनच्या पत्रात एकच ओळ होती: शिफारस करण्यात येत नाही. काय चुकलं, पद्धत की नमुन्यांची संख्या की विषयच, काही नाही. तिसऱ्या ठिकाणाहून परीक्षकांची दीड पानं आली. बोचरी होती, एका जागी तर अन्यायकारकही वाटली. तीच घेऊन मी प्रपोजल पुन्हा लिहिलं आणि मंजूर झालं ते तेच.

त्या विद्यार्थ्याला मी कळवलं आहे की मेसेज पुढे पाठवायचाच असेल, तर त्यातल्या मागण्या खोडून या लिही: समितीची यादी आणि सदस्यांची मुदत जाहीर करा, कोण कोणत्या अर्जाच्या वेळी उठून गेलं याची इतिवृत्तात नोंद ठेवा, आणि नाकारलेल्या प्रत्येकाला परीक्षकांची लेखी मतं पाठवा.