‘दिवसाला चार लिटर’चा मेसेज आणि आत्याचं सोडियम

उन्हाळा लागल्यापासून एक मेसेज आमच्या प्रत्येक ग्रुपवर फिरतोय. तुमच्याकडेही आला असेल. ‘तहान लागायची वाट पाहू नका, तहान लागली म्हणजे शरीर सुकायला लागलंय. रोज किमान चार लिटर पाणी प्या. चहा अंगातलं पाणी ओढतो, तो पाण्यात धरू नका. जेवताना पाणी म्हणजे विष, असं वाग्भट सांगून गेलेत. उभ्याने प्यायलात तर गुडघे जातील. झोपताना एक ग्लास प्या, हार्ट अटॅक टळेल. दहा जणांना पाठवा.’

माझ्या ७२ वर्षांच्या आत्याने तो मनापासून पाळला, म्हणून हे लिहितेय.

आधी चार लिटरचं बघू. पूर्वी ‘आठ ग्लास’ म्हणायचे, आता चार लिटर झालंय. आठ ग्लासचा माग बहुधा १९४५ पर्यंत जातो. अमेरिकेच्या फूड अँड न्यूट्रिशन बोर्डाने तेव्हा प्रौढ माणसाला दिवसाला अडीच लिटर पाणी पुरतं असं म्हटलं होतं, आणि लगेच पुढे लिहिलं होतं की यातलं बहुतेक पाणी अन्नातूनच मिळतं. आकडा फिरत राहिला, पुढचं वाक्य गळलं. किडनीवर आयुष्यभर काम केलेल्या हाइन्झ वाल्टिन यांनी २००२ साली आठ ग्लासला शास्त्रीय आधार शोधला. निरोगी माणसाने रोज इतकं प्यायलाच हवं, असा पुरावा त्यांना मिळाला नाही. आपलं ताट घ्या. शिजलेल्या भातात निम्म्याहून जास्त पाणीच असतं. त्यावर वरण, आमटी, ताक, काकडीची कोशिंबीर. हे सगळं पोटात जातं ते पाणीच की.

तहानेचं वाक्य तर उलटंच आहे. रक्त एक-दोन टक्क्यांनी दाट झालं की मेंदू तहान लावतो. त्याच्याही आधी व्हॅसोप्रेसिन नावाचं संप्रेरक किडनीला पाणी राखून ठेवायला सांगतं. म्हणजे निरोगी माणसाला तहान लागते ती वेळेवर, शरीर सुकायच्या बरंच आधी. पण म्हातारपणी तहान मंदावते, तान्ह्या बाळाला सांगता येत नाही, आणि मे महिन्यात चंद्रपूर-अकोल्याच्या उन्हात राबणाऱ्याला नुसत्या तहानेवर राहून चालत नाही. त्यांना आठवणीने पाणी द्यायलाच हवं, आणि घाम गळत असेल तर सोबत मीठही: ताक, पन्हं, लिंबू सरबत.

आता आत्या. तिला ब्लडप्रेशरसाठी लघवी वाढवणारी गोळी चालू होती. या गोळीने लघवीवाटे सोडियमही, म्हणजे मिठातला मुख्य घटकही, बाहेर जातो. तिने एक लिटरची बाटली घेऊन तिच्यावर मार्करने रेघा मारल्या, दहा वाजेपर्यंत इथवर, बारापर्यंत इथवर. अशा चार बाटल्या रोज. आठवड्याभरात डोकं जड व्हायला लागलं, मळमळ सुरू झाली. उन्हाचा त्रास असेल म्हणून आम्ही तिला आणखी पाणी पाजलं. मी स्वतः पाजलं. नवव्या दिवशी सकाळी तिने मला विचारलं, ‘हे ड्यूटीवरून आले का गं?’ काका जाऊन सहा वर्षं झालीत.

आम्हाला वाटलं लकवा. रिपोर्टमध्ये सोडियम ११७ निघालं, असायला हवं १३५ ते १४५. रक्तातलं सोडियम इतकं पातळ झालं की पाणी पेशींत शिरतं, मेंदू सुजतो. ते पटकन वाढवताही येत नाही, घाईने वाढवलं तर मेंदूलाच इजा होते. म्हणून डॉक्टर थेंबाथेंबाने वर आणत होते. तिला माझं नाव नीट आठवायला तीन दिवस लागले.

हे फक्त म्हाताऱ्यांचं नाही. किडनी तासाला साधारण लिटरभरच पाणी बाहेर टाकू शकते. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं, तर १३ टक्क्यांचं सोडियम कमी निघालं. शर्यतीत ज्यांचं वजन घटण्याऐवजी वाढलं होतं, त्यांच्यात हे जास्त होतं. हृदय कमजोर असलेल्यांना आणि डायलिसिसवरच्यांना तर डॉक्टर पाणी मोजून देतात. त्यांच्या हातात हा मेसेज पडला तर काय होईल, याचा विचार पाठवणाऱ्याने करायला हवा.

चहाचं म्हणाल तर, रोज कॉफी पिणाऱ्या ५० पुरुषांवर बर्मिंगहॅम विद्यापीठात प्रयोग झाला, तो २०१४ साली प्रसिद्ध झाला. काही दिवस चार कप कॉफी, काही दिवस तितकंच पाणी. शरीरातल्या पाण्यात फरक दिसला नाही. चहात कॅफीन कॉफीहून कमीच असतं. आपला दोन-तीन कप चहा पाण्यात धरायला हरकत नाही.

वाग्भटांचं नाव घेतल्याचं मला जास्त वाईट वाटतं, कारण आत्याचा त्या नावावर विश्वास आहे. अष्टांगहृदय या आपल्या आयुर्वेदावरच्या ग्रंथात, सूत्रस्थान या भागाच्या पाचव्या अध्यायात, ते म्हणतात की जेवणाच्या मध्ये पाणी पिणाऱ्याचं शरीर सम राहतं, शेवटी पिणारा स्थूल होतो, आधी पिणारा कृश. तिथेच त्याच्या लगेच आधी म्हटलंय की शरद आणि ग्रीष्म सोडले तर निरोगी माणसानेही पाणी बेतानेच प्यावं. चार लिटरवाल्यांनी हे वाचलेलं नाही.

गुडघ्यांचं खरं नाही. पाणी आतड्यातून रक्तात जातं, तुम्ही उभे होतात की बसलेले याने सांध्यात काही बदलत नाही. झोपतानाच्या ग्लासाने हार्ट अटॅक टळतो, याला पुरावा नाही. म्हातारं माणूस मात्र त्यापायी रात्री दोनदा उठतं, आणि ओल्या बाथरूममध्ये पडून खुब्याचं हाड मोडणं किती घरांनी पाहिलंय.

मुतखडा झालेल्यांनी जास्त पाणी प्यावं, हे खरं आहे. त्यांना दिवसाला अडीच लिटर लघवी होईल इतकं प्या असं सांगतात. जुलाब झाले तर नुसतं पाणी पुरत नाही, ओआरएसचं एक लिटरचं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच विरघळवायचं, कपात चिमूट टाकून नाही. बाकीच्यांनी तहान लागली की प्यावं आणि लघवी फिकट पिवळी आहे ना एवढं बघावं. बी-कॉम्प्लेक्स चालू असेल तर ती गडद पिवळी दिसते, घाबरू नका.

खरोखर पाणी कमी पिणारी बाई माझ्याच घरात आहे. माझी मावसबहीण शाळेत शिकवते. तिथल्या स्वच्छतागृहाच्या दाराला कडी नाही, म्हणून सकाळी दहा ते संध्याकाळी पाच ती घोट-दोन घोटांवर काढते. वर्षात दोनदा तिला लघवीचं इन्फेक्शन झालंय. हा मेसेज तिलाही आला होता. तिने मुख्याध्यापकांकडे कडीसाठी तिसरा अर्ज दिलाय.